ई६चा टेकू आणि सी८चा उंट

प्रश्न: सर, रावेर तालुक्यात माझी केळीची बाग आहे. वय ३८. बुद्धिबळ आजोबांनी ओट्यावर शिकवलं, तेही देशी. प्यादं एकच घर चालायचं, आणि राजाला एकदाच घोड्याची उडी. आता तीन वर्षांपासून फोनवर खेळतो आणि महिन्यातून एखादी रविवारची रॅपिड स्पर्धा जळगावला किंवा भुसावळला. पांढरी मोहरी असली की माझं निभतं. काळी आली आणि समोरच्यानं वजिरापुढचं प्यादं दोन घरं सारलं की माझा डाव बसतो. व्हिडिओ पाहून किंग्ज इंडियन नावाचं ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीची मांडणी, खेळून पाहिलं, तर त्याची प्यादी मध्यात भिंतीसारखी उभी राहतात आणि माझा श्वास कोंडतो. मागच्या स्पर्धेत ठरवलं, प्यादं मिळतंय तर घ्यावं. डी४ डी५, सी४, मी घेतलं. ई३, मी बी५ करून ते राखलं. ए४, मी सी६. त्यानं बी५वर मारलं, मी परत मारलं, आणि त्याचा वजीर एफ३वर आला. सहाव्या चालीला डाव गेला. समोर सातवीतला मुलगा होता. रात्री मोटर चालू करायला उठतो तेव्हा तास-पाऊण तास मिळतो, तेवढाच अभ्यास. पाठांतर कमी आणि पाया पक्का असं काही असेल तर सांगा.

उत्तर:

भाऊ, तुमचा सहा चालींचा डाव मी पटावर मांडून पाहिला. तुम्हीही एकदा मांडा, पण या वेळी हरल्याचं दुःख बाजूला ठेवून फक्त एक तिरपी रेषा बघा: एफ३पासून ए८पर्यंत (अक्षर उभ्या ओळीचं, आकडा आडव्या ओळीचा). डावाच्या सुरुवातीला त्या रेषेवर बी७ला तुमचं प्यादं होतं. मग डी५ला एक आलं, सी६ला एक आलं. डी५चं सी४वर गेलं, बी७चं बी५वर गेलं, सी६चं पुन्हा बी५वर गेलं. तीन दारं होती, तिन्ही तुमच्या हातानं उघडली, आणि आत कोपऱ्यात ए८चा हत्ती एकटा उभा. हत्ती वाचवायला घोडा मध्ये घातला तर घोडा जातो. हा सापळा फार जुना आहे, त्यात पडलेल्यांची रांग फार लांब आहे, आणि सातवीतल्या मुलानं तो नीट अभ्यासून ठेवला होता. त्याचं कौतुक करा आणि पुढे चला.

त्यातून एकच गोष्ट घ्या. वजिराच्या गॅम्बिटमधलं, म्हणजे डी४ डी५नंतर पांढरा देऊ करतो ते, सी४चं प्यादं खरं म्हणजे फुकट दिलेलं नसतं. पांढरा ते ई३ करून उंटानं परत उचलतो. घ्यायचं असेल तर घ्यावं, पण राखायला जाऊ नये. घेऊन सोडून देणारे चांगले खेळाडू आहेत, त्याचं वेगळं ओपनिंग आहे. तुम्ही जे मागताय ते मात्र त्यात नाही.

किंग्ज इंडियनबद्दल तुमचा अनुभव खरा आहे. ते ओपनिंग वाईट म्हणून तुमचा श्वास कोंडला, असं मात्र नाही. फिशर आणि कास्पारोव्ह या जगज्जेत्यांनी त्यावर डोंगराएवढं काम केलंय. पण ते काळ्याला सांगतं की मध्य आधी पांढऱ्याला देऊन टाक, मग बरोबर वेळ साधून ई५नं किंवा सी५नं त्याच्या भिंतीला सुरुंग लाव. वेळ एका चालीनं चुकली तर भिंत तुमच्या अंगावर येते. ती वेळ ओळखायला शेकडो डाव पाहावे लागतात, आणि तुमच्याकडे रात्रीचा पाऊण तास आहे. आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रातूनच दिसते. आजोबांच्या खेळात प्यादं एक घर चालायचं, म्हणून तुमचा हात आपोआप जी६, डी६ अशा आखूड चालींकडे जातो. या ओपनिंगच्या नावातला ‘इंडियन’ त्याच सवयीतून आलाय. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याला महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रन या स्कॉटिश बॅरिस्टरशी खेळायचे, तेव्हा त्यांच्या देशी हातातून अशाच मांडण्या उतरायच्या. आजोबांचा तो वारसा मोलाचा आहे, विसरू नका. पण तुमच्या आजच्या अडचणीवर माझं उत्तर दुसरं आहे.

डी४ला डी५. सी४ला ई६. फोनवर याला ‘क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड’ म्हणतात, म्हणजे वजिराचा गॅम्बिट नाकारणं. शंभराहून जास्त वर्षं जगज्जेते काळ्या बाजूनं याच्यावर भरवसा ठेवत आलेत. १९२७ साली ब्युनॉस आयर्सला कॅपाब्लांका आणि अलेखिन जगज्जेतेपदासाठी ३४ डाव खेळले, त्यातले ३२ डाव याच ओपनिंगचे होते. काळी मोहरी कुणाकडेही असोत, दोघंही हेच करत होते. एकमेकांचं सगळं ठाऊक असताना दोघांनाही याच्याइतकं भरवशाचं दुसरं सापडलं नाही.

तुम्ही बाग लावता, म्हणून तुमच्याच कामातलं सांगतो. केळी निसवली, घड भरत आला की झाड एका अंगाला झुकतं. मे-जूनचं वादळ यायच्या आधी आपण त्याला टेकू देतो. डी५वरचं तुमचं प्यादं म्हणजे ते भरलेलं झाड. सी४ म्हणजे वारा, त्याला बाजूनं ढकलणारा. ई६ म्हणजे टेकू. आता सी४च्या प्याद्यानं डी५वर मारलं तर तुम्ही ई६च्या प्याद्यानं परत मारता आणि मध्यात तुमचं प्यादं उभंच राहतं. वजिरानं परत मारावं लागत नाही, त्यामुळे घोडा सी३वर येऊन वजिराला हाकलत बसत नाही. मध्य सोडायचा नाही, एवढाच या ओपनिंगचा पाया आहे.

पण टेकू जिथे रोवाल तिथून जायची वाट बंद होते. सी८च्या उंटाकडे बघा. त्याची वाट डी७, ई६, एफ५, जी४, एच३ अशी. ई६वर तुम्हीच प्यादं उभं केलंत. उंट आपल्याच घरात कोंडला. या ओपनिंगमधली काळ्याची जवळजवळ सगळी दुखणी या एका उंटापाशी येऊन थांबतात. म्हणून चाली पाठ करण्याआधी हा प्रश्न पाठ करा: माझा सी८चा उंट कुठून बाहेर पडणार?

मला हा प्रश्न धुळ्याला कळला. बरीच वर्षं झाली. एका स्पर्धेत काळी मोहरी घेऊन मी एकेचाळीस चाली झुंजलो आणि हरलो. मध्य सांभाळला होता, राजा किल्लेकोटात होता, एकही ढोबळ चूक नव्हती, आणि तरी डाव हळूहळू हातातून गेला. मोहरी पेटीत भरायला घेतली तेव्हा शेजारच्या पटावरचे एक म्हातारे खेळाडू, एसटीतून निवृत्त झालेले, उठून आले. त्यांनी माझा हात धरला आणि सी८वर बोट टेकवलं. उंट तिथेच होता. एकेचाळीस चालींत तो जागचा हलला नव्हता. ते अहिराणीत म्हणाले, “हाऊ उंट कव्हय उठनार शे भो?” मी एक मोहरं कमी घेऊनच तो सगळा डाव खेळलो होतो. त्या दिवसापासून डाव लिहिताना मी शेजारी त्या उंटाची पहिली चाल कितवी ते लिहितो.

आता चाली बघू. पट समोर ठेवा, फोन नको. घरी लाकडी पट नसेल तर प्लास्टिकचा गुंडाळायचा पट आणा. बोटांनी मोहरं उचलल्याशिवाय या गोष्टी अंगात मुरत नाहीत.

डी४ डी५, सी४ ई६, घोडा सी३ घोडा एफ६, उंट जी५ उंट ई७, ई३ किल्लेकोट, घोडा एफ३. इथपर्यंत एकेक चाल स्वतःचं कारण सांगते. त्याचा उंट जी५ला आला, तुमचा एफ६चा घोडा वजिरापुढे जखडला (हलला तर मागचा वजीर जातो), म्हणून उंट ई७वर आणून जखडण सोडवली. लगेच राजा सुरक्षित केला. आता एच६. त्याचा उंट एच४ला मागे जातो. आणि आता घोडा ई४.

ही चाल पहिल्यांदा पाहिली की धाडसी वाटते. घोडा सरळ मध्यात टाकला! पण हे धाडस नाही, घरातली गर्दी कमी करण्याचं काम आहे. एका खोलीत दहा पाहुणे झोपले तर कुणालाच पाय पसरता येत नाहीत. चार जण दुसऱ्या घरी गेले की उरलेल्यांना झोप लागते. काळ्याकडे जागा कमी आहे, म्हणून मोहरी बदलणं काळ्याच्या फायद्याचं. घोडा ई४वर जाताच ई७चा उंट आणि एच४चा उंट समोरासमोर येतात. पांढरा ई७वर मारतो, तुम्ही वजिरानं मारता. मग पुढे सी३च्या घोड्याशीही बदल होतो. दोन बदल झाले की तुमचं घर मोकळं. ही मांडणी इमॅन्युएल लास्कर यांच्या नावानं ओळखली जाते. ते १८९४ ते १९२१, सलग २७ वर्षं जगज्जेते होते. अडचणीच्या जागेतून शांतपणे वाट काढणं ही त्यांची खासियत, आणि ही चाल अगदी त्यांच्या स्वभावाची आहे.

पुढचा ठोकळा असा: पांढरा हत्ती सी१, तुम्ही सी६. तो उंट डी३ किंवा ई२, तुम्ही सी३वर घोडा मारता, तो हत्तीनं परत मारतो. आता तुम्ही सी४वर प्यादं मारता, तो उंटानं मारतो, आणि तुम्ही घोडा डी७. या टप्प्यावर थांबून विचार करा. समोर दोन वाटा आहेत. एक, ई५ ढकलायचं: टेकू स्वतःच पुढे सरकतो आणि डी७चा घोडा हलला की सी८च्या उंटाची तिरपी वाट उघडते. दुसरी, बी६ करून उंट बी७वर आणायचा आणि मग सी५ ढकलून ती लांब रेषा मोकळी करायची. दोन्ही चालतात. तुम्हाला मी पहिले तीन महिने ई५ची वाट सुचवेन, कारण ती समजायला सोपी आहे. पण दुसऱ्या वाटेवरचा एक डाव मात्र तुम्ही पाहिलाच पाहिजे.

११ मे २०१०, बल्गेरियाची राजधानी सोफिया. जगज्जेतेपदाचा बारावा आणि शेवटचा डाव. गुण साडेपाच-साडेपाच. समोर वेसेलिन टोपालोव्ह, स्वतःच्या देशात, पांढरी मोहरी घेऊन. आपले विश्वनाथन आनंद काळ्या बाजूला. आइसलंडच्या ज्वालामुखीच्या राखेनं विमानं बंद पडली होती, त्यामुळे आनंद फ्रँकफर्टहून रस्त्यानं सोफियाला पोचले होते, त्या सामन्याचा हा शेवट. जगज्जेतेपद एका डावावर आलेलं असताना आनंद यांनी काय निवडलं? डी५, ई६, आणि लास्करचा घोडा ई४. कुठलंही नवं गुपित त्यांनी काढलं नाही, शंभर वर्षं जुना टेकू लावला.

आता त्या डावात फक्त सी८च्या उंटाचा माग काढा. एकोणिसाव्या चालीला तो बी७वर आला. मग ए६, तिथून डी३पर्यंत पुढे जाऊन पुन्हा ए६, पुन्हा बी७, आणि अठ्ठाविसाव्या चालीला पांढऱ्याच्या घोड्यानं हुसकल्यावर पार ए८च्या कोपऱ्यात. वरवर पाहणाऱ्याला वाटेल, उंट पुन्हा कोंडला. पण ए८ ते एच१ ही पटावरच्या दोन सर्वांत लांब तिरप्या रेषांपैकी एक, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला जी२वर टोपालोव्हचा राजा. एकतिसाव्या चालीला आनंद यांनी ई४ हे प्यादं पुढे झोकून दिलं. टोपालोव्हनं ते एफच्या प्याद्यानं मारलं आणि ती सगळी रेषा धडाडून उघडली. वजीर ई४वर शह देत उतरला, आणि राजाला एच३वर बाहेर पडावं लागलं. शेहेचाळिसाव्या चालीला त्याच ए८च्या उंटानं जी२वर येऊन पांढऱ्याचा वजीर मारला. छप्पन्नाव्या चालीला टोपालोव्हनं हार मानली आणि आनंद यांचं जगज्जेतेपद राहिलं. डावाच्या सुरुवातीला ज्या उंटाला काळ्याचं ओझं म्हणतात, त्यानं शेवटी वजीर घेतला. हा डाव मी विद्यार्थ्यांना दाखवतो तेव्हा दरवेळी अठ्ठाविसाव्या चालीवर थांबतो आणि विचारतो, हा उंट वाईट आहे का? बहुतेक जण हो म्हणतात. मग पुढच्या चाली लावतो.

तुम्ही हा डाव आठवड्यातून एकदा, महिनाभर, हातानं लावा. चार वेळा लावल्यावर चाली पाठ केल्यासारख्या वाटणार नाहीत, पण हात ओळखू लागेल.

पांढरा मात्र दरवेळी तुमच्या सोयीनं खेळणार नाही. सर्वांत जास्त भेटेल ती अदलाबदल: चौथ्या-पाचव्या चालीलाच तो सी४नं डी५वर मारेल आणि तुम्ही ई६नं परत माराल. इथे घाबरायचं काही नाही. ई६ रिकामं झालं, सी८च्या उंटाची वाट त्यानं स्वतःच उघडून दिली. त्याचा बेत वेगळा असतो. तो बी४, बी५ असं प्यादं घेऊन येतो, तुमच्या सी६वर आदळतो आणि तिथे कायमची एक कमजोर जागा करून ठेवतो. त्याच्याकडे वजिराच्या बाजूला दोन प्यादी, तुमच्याकडे तीन, तरी हल्ला तोच करतो; म्हणून याला अल्पसंख्याकांचा हल्ला म्हणतात. तुम्ही तिकडे फार धावू नका. घोडा डी७, हत्ती ई८, मग डी७चा घोडा एफ८वर, आणि संधी मिळताच दुसरा घोडा ई४वर. तुमची मोहरी त्याच्या राजाकडे वळली पाहिजेत. तो तिकडे पेरणी करेपर्यंत तुमची इकडे कापणी व्हावी, असा हिशोब. पण बेफिकीर राहून चालत नाही. २०२४च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात सिंगापूरला तिसऱ्या डावात आपल्या गुकेशनं पांढऱ्या बाजूनं याच अदलाबदलीत डिंग लिरेन या तेव्हाच्या जगज्जेत्याला हरवलंय. म्हणजे पाया पक्का असला तरी त्यावर बसून राहता येत नाही.

याच वाटेवर एक सापळा तुमच्या बाजूचा आहे, आणि तुम्ही सापळ्यात हरलात म्हणून तो मुद्दाम देतो. उंट जी५वर आल्यावर ई७ऐवजी तुम्ही चौथ्या चालीला घोडा डी७ केलं, आणि पांढऱ्यानं डी५वर प्यादं मारलं, तुम्ही ई६नं मारलं. आता त्याला वाटतं, एफ६चा घोडा वजिरापुढे जखडलाय, म्हणजे डी५चं प्यादं फुकट. तो सी३च्या घोड्यानं डी५वर मारतो. तुम्ही एफ६च्या घोड्यानं तो घोडा मारता, वजीर सोडून! तो उंटानं डी८वर वजीर मारतो. तुम्ही शांतपणे दुसरा उंट बी४वर आणून शह देता. राजाला जायला घर नाही, मध्ये वजीर घालण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. तुम्ही वजीर मारता, तो राजानं उंट मारतो, तुम्ही राजानं डी८चा उंट मारता. हिशोब करा: एका प्याद्याच्या बदल्यात तुमच्याकडे एक घोडा जास्त. याला ‘एलिफंट ट्रॅप’, म्हणजे हत्ती सापळा म्हणतात. पण याच्या आशेवर डाव उभा करू नका. समोरचा पडला तर ठीक. नाही पडला तरी घोडा डी७वर चांगलाच उभा आहे, म्हणून ही चाल खेळायला हरकत नाही. तुमच्या बी५मध्ये हे नव्हतं. तिथे सापळा फसला असता तरी तुमची प्यादी विस्कटलेलीच राहिली असती.

रविवारच्या स्पर्धांत दहातले निम्मे जण सी४ खेळणारच नाहीत, हेही सांगतो. ते डी४नंतर लगेच उंट एफ४ला काढतील, मग ई३, सी३, घोडा एफ३. ‘लंडन’ म्हणतात त्याला. आपल्याकडच्या मुलांना ते फार आवडतं, कारण समोर काहीही असलं तरी पहिल्या सात चाली त्याच. वारा नाही, तर टेकूची घाईही नाही. घोडा एफ६, सी५, घोडा सी६, मग ई६ आणि उंट डी६. त्याच्या एफ४च्या उंटासमोर आपला उंट सरळ उभा करा. त्यानं डी६वर मारलं तर वजिरानं मारा. त्याचा सर्वांत कामाचा उंट गेला आणि तुमचा वजीर ई५ ढकलायला मदतीला आला. एक लक्षात ठेवा, सी१चा उंट लवकर बाहेर गेला की बी२चं प्यादं उघडं पडतं. वजीर बी६ ही चाल तिथे बरेचदा त्रास देते, पण प्यादं खायला घाई करून वजीर अडकवून घेऊ नका.

पांढऱ्याचा उंट सी४सह एफ४वर आला, तर एफ६चा घोडा जखडलेला नसतो आणि ई४ची बदली मिळत नाही. तिथे किल्लेकोट करून लगेच सी५. पांढऱ्यानं जी३ करून उंट जी२वर लावला, तर आधी किल्लेकोट आणि मग सी४वर प्यादं घ्या. त्याचा वजीर ते उचलायला येईल, तुम्ही ए६, बी५ करून उंट बी७वर आणा. इथे मात्र सी४ घेणं बरोबर आहे, कारण त्याचा उंट एफ१ सोडून गेलाय आणि प्यादं परत मिळवायला त्याला वजिराच्या चाली खर्चाव्या लागतात. एवढ्यावर वर्षभर काम भागेल.

तुम्ही विचाराल, उंट कोंडतोच आहे तर ई६ऐवजी सी६चा टेकू का नको? बरोबर प्रश्न आहे. त्याला स्लाव्ह म्हणतात, तेही भक्कम आहे आणि त्यात उंट मोकळा राहतो. पण तो उंट एफ५वर गेला की बी७ची राखण जाते आणि पांढऱ्याचा वजीर बी३वर येऊन बसतो. नेमकं कधी सी४ घ्यायचं आणि कधी नाही, हे पाठ असावं लागतं. शिवाय माझं स्पष्ट मत आहे की कोंडलेला उंट सोडवायला शिकलेला माणूस पुढे कुठलीही मांडणी खेळू शकतो. उलटं होत नाही. वर्ष-दोन वर्षांनी स्लाव्ह बघा.

आता तुमच्या पाऊण तासाचं. तीन मिनिटांचे डाव फोनवर खेळणं बंद करा, निदान दोन महिने. त्यात हात फक्त जुन्या सवयी घट्ट करतो, आणि तुमची जुनी सवय जी६ची आहे. त्याऐवजी १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद असा एकच डाव खेळा, काळ्या बाजूनं. मोटर चालू करून आलात, ठिबकचा दाब बघितलात, बसलात की आधी पटावर पहिल्या सात चाली हातानं लावा, दोन्ही बाजूंच्या, आणि प्रत्येक चालीचं कारण स्वतःशी बोला. मोठ्यानं बोला, रात्री मळ्यात ऐकायला कोण आहे? मग डाव. डाव संपल्यावर फोनमधलं डाव तपासणारं इंजिन लगेच लावू नका. पाच मिनिटं स्वतः बघा, घोडा ई४ची वेळ कधी आली होती आणि ई५ ढकलता आलं असतं का. नंतर इंजिनला विचारा. कांदेबागेच्या लागवडीच्या दिवसांत वेळ मिळाला नाही तर आनंद यांचा तो एकच डाव लावा आणि झोपा.

सुरुवातीला तुमचे बरेच डाव बरोबरीत सुटतील. सहाव्या चालीला हरणाऱ्याला अर्धा गुण ही मोठी कमाई आहे, आणि बरोबरीच्या त्या डावांतच शेवटच्या टप्प्यातला खेळ शिकायला मिळतो. त्या सातवीतल्या मुलाशी पुन्हा गाठ पडली तर टाळू नका. तो सी४ करेल, घ्यायची वाट बघेल. ई६ करा आणि त्याच्याकडे बघा.

पुढच्या स्पर्धेचे काळ्या बाजूचे सगळे डाव लिहून ठेवा. प्रत्येक डावाच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात सी८चा उंट पहिल्यांदा कितव्या चालीला हलला तो आकडा लिहा, आणि ते कागद मला पाठवा. निकाल मी नंतर बघेन.